यावलच्या पाणवठ्यावर स्वयंसेवकाची रात्र: कुणी जावं, काय न्यावं, कागदावर काय उतरावं

बुद्धपौर्णिमा जवळ आली की जळगाव, भुसावळ, फैजपूर, रावेरकडच्या निसर्गमित्रांमध्ये एकच विचारणा सुरू होते: यंदा पाल गावाकडच्या जंगलात मचाणावर बसायला मिळेल का? यावल अभयारण्यातल्या पाणवठ्यांवरच्या प्राणीगणनेत स्वयंसेवकाचं काम नेमकं कसं असतं, त्यातून मिळतं काय आणि ते अडतं कुठे, याचं हे परीक्षण. निकाल आधीच सांगून टाकतो. रात्रभर गप्प बसून नोंदपत्र नीट भरायची तयारी असेल, तर खानदेशात याच्या तोडीचा अनुभव दुसरा नाही. बिबट्याचा फोटोच हवा असेल तर हे काम घेऊ नये. त्यासाठी पैसे भरून सफारी करता येते, आणि मचाणावरची जागा नोंदी करणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या कामी येते.

यावल अभयारण्य १९६९ साली घोषित झालं. क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर. सातपुड्याच्या डोंगररांगेत, उत्तरेला मध्य प्रदेशाच्या हद्दीला भिडलेलं. साग, सलई, अंजन, धावडा, तेंदू, खैर असं कोरडं पानझडीचं जंगल. बिबट्या, अस्वल, तडस, सांबर, नीलगाय, चौसिंगा, भेकर, रानडुक्कर, साळिंदर ही इथली मंडळी. वैशाखात खाली केळीच्या पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास असतो, डोंगरातले नाले आटलेले असतात आणि पाणी उरतं ते मोजक्या डोहांत, झिऱ्यांत आणि वन विभागाने बांधलेल्या सिमेंटच्या बशी तलावांत. सलईसारख्या झाडांची पानं गळून गेलेली असल्यामुळे आरपार दिसतं. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना उगवतो आणि उजाडेपर्यंत आकाशात असतो. या तीन गोष्टी एकत्र येतात म्हणून गणनेला ही रात्र निवडतात.

पद्धतीमागचं गृहीतक साधं आहे: ऐन उन्हाळ्यात प्रत्येक प्राणी चोवीस तासांत एकदा तरी पाण्यावर येतो, म्हणून पाण्यावर बसून मोजा. गृहीतक अर्धंच खरं आहे आणि स्वयंसेवकाने ते जाण्याआधी समजून घेतलं पाहिजे. चिंकारा कोवळ्या पाल्यातून आणि दवातून पाणी मिळवतो, तो त्या रात्री फिरकेलच असं नाही. नीलगायीलाही पाण्यावाचून बराच काळ काढता येतो. उलट चौसिंगा पाण्याला फार बांधलेला, तो रोज येतो. रानडुकरांचा कळप एकाच रात्री दोनदा येऊन लोळून जातो. त्यामुळे पाणवठ्यावरचा आकडा म्हणजे जंगलातली एकूण संख्या नव्हे. वाघ-बिबट्यांच्या राष्ट्रीय अंदाजासाठी २००६ पासून ठसे मोजण्याची जुनी पद्धत सोडून ट्रॅप कॅमेरे आणि ठरावीक रेषेवरची पाहणी वापरतात, ती वेगळी. मग या रात्रीचा उपयोग काय? कुठल्या पाण्यावर कोणती जात येते, किती वाजता येते, पिल्लं सोबत आहेत का, आणि गेल्या वर्षी येणारी एखादी जात यंदा गायब आहे का, हे कळतं. एकाच पाणवठ्यावर, एकाच पद्धतीने, वर्षानुवर्षं नोंदी झाल्या तर त्यांचं मोल मोठं आहे. म्हणूनच एका वर्षी आठ तास आणि पुढच्या वर्षी सोळा तास बसलं, तर दोन्ही कागद एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत.

जागा कोणती मागावी? निवड नेहमी आपल्या हातात नसते, पण विचारायला हरकत नाही. नवे लोक धरणाकाठचं मचाण मागतात, कारण तिथून देखावा छान दिसतो. मोजणीसाठी ती जागा सगळ्यात कमकुवत. सुकी धरणासारख्या लांबलचक काठावर प्राणी कुठेही पाणी पितात, आपल्याला दिसतो त्यातला एक तुकडा. चांगला पाणवठा लहान असतो: एका नजरेत पूर्ण मावणारा, दोन-तीन वाटांनीच जिथे पोचता येतं असा, आणि आसपास दुसरं पाणी नसलेला. नाल्यातला नैसर्गिक झिरा पहिल्या पसंतीचा. प्राण्यांच्या पिढ्यांना तो ठाऊक असतो. बशी तलाव दुसऱ्या क्रमांकावर, तोही वर्षभर किंवा निदान फेब्रुवारीपासून भरता ठेवलेला असेल तर. गणनेच्या आदल्या दिवशी टँकर ओतून भरलेली बशी रात्रभर कोरीच राहते. माणसांचा वावर आणि डिझेलचा वास तिथे ताजा असतो आणि प्राण्यांना ते पाणी अजून माहीतच नसतं. पोचल्यावर सोबतच्या वनरक्षकाला पहिला प्रश्न हाच विचारा: दादा, हे पाणी कधीपासून आहे?

दिवसाउजेडी पाणवठ्याला एक फेरी मारून घ्यावी, अर्थात वनरक्षकाबरोबरच. काठच्या चिखलातले ठसे बघून घेतले की रात्री कुठल्या वाटेवर नजर ठेवायची ते ठरतं. पाण्यात बेडूक, पाणकिडे, निवळ्या हलताना दिसल्या पाहिजेत. काठावर मेलेले मासे किंवा पक्षी दिसले, पाण्यावर फेस किंवा पांढुरकी पूड दिसली, तर कशालाही हात न लावता लगेच कळवायचं. पाण्यात युरिया किंवा कीटकनाशक कालवून शिकार करण्याचा प्रकार उन्हाळ्यातच होतो. एवढी एक नोंद रात्रभराच्या मोजणीहून मोलाची ठरू शकते. बशीच्या एका बाजूला दगडांचा उतार आहे का, हेही बघा. गुळगुळीत उभ्या कडेच्या टाकीत खारी, सरडे, पक्ष्यांची पिल्लं पडली की वर येऊ शकत नाहीत. उतार नसेल तर शेऱ्यात लिहा. दहा-बारा दगड रचण्याचं काम आहे, पण कुणी लिहिल्याशिवाय होत नाही.

आता मचाण. पाण्यापासून ३० ते ५० मीटरवर, जमिनीपासून निदान १२ फूट उंच, दोघांना पाय पसरता येतील एवढं हवं. वर चढण्याआधी प्रत्येक सांध्याची दोरी हाताने ओढून बघा. उन्हात सुकलेला बांबू आकसतो आणि गाठी सैल पडतात. बसल्यावर कूस बदलून बघायची. करकर आवाज येत असेल तर सांध्यात गोणपाटाच्या चिंध्या घालायच्या आणि खालीही गोणपाट अंथरायचं. हे काम अंधार पडण्याआधीच उरकावं.

दिशेचा मुद्दा फार थोडे लोक लक्षात घेतात. वैशाखी पौर्णिमेचा चंद्र डोक्यावर येत नाही, मध्यरात्रीही तो दक्षिणेकडे झुकलेला असतो. हिवाळ्यात सूर्य जसा कलतो तसाच. त्यामुळे पाणवठ्याच्या दक्षिणेला मचाण असेल तर चंद्र आपल्या पाठीशी राहतो आणि पाण्यावर आलेल्या प्राण्याच्या आपल्याकडच्या अंगावर उजेड पडतो. उत्तरेला बसलात तर समोर नुसत्या काळ्या आकृत्या, नर-मादी ओळखणं मुश्कील. पूर्वेला डोंगर असेल तर चंद्र उगवूनही पाण्यापर्यंत उजेड यायला तासभर लागतो. सात ते आठचा तो काळोखाचा पट्टा नोंदपत्रात “दिसत नाही” असा लिहायचा, “प्राणी नाही” असा नाही. वाऱ्याचं गणित याहून कडक. मे महिन्यात खानदेशात वारा बहुधा पश्चिमेकडून असतो, म्हणजे मचाण पाण्याच्या पूर्व अंगाला बरं. रात्र चढली की डोंगरउतारावरची गार हवा नाल्याने खाली सरकते, तिचाही अंदाज घ्यायचा. चिमूटभर राख किंवा कोरडी माती सोडून बघितली की कळतं. मचाणावरून वारा थेट पाण्याकडे वाहत असेल, तर सांबर झाडीच्या कडेलाच थबकतं, पुढचा पाय आपटतं, शेपटी उभारतं, एकदा ढांक करून ओरडतं आणि मग तासभर काहीच येत नाही. जागा बदलणं शक्य असेल तर उजेड असतानाच वनरक्षकाला सांगावं.

नावनोंदणी वन विभागाच्या परिक्षेत्र कार्यालयात होते. ओळखपत्राची प्रत, फोटो, हमीपत्र लागतं. वय, शुल्क आणि मचाणांची संख्या यांचे नियम दर वर्षी नव्याने जाहीर होतात. पौर्णिमेच्या दोन-तीन आठवडे आधी कार्यालयात विचारणा केलेली बरी, कारण मचाणं मोजकीच असतात. रेल्वेने येणाऱ्यांना सावदा किंवा रावेर स्टेशन सोयीचं. तिथून पालपर्यंतची गाडी आधी ठरवून ठेवावी, आणि परतीच्या गाडीचंही त्याच वेळी बोलून घ्यावं.

सामानात पाणी सगळ्यात आधी. माणशी सहा लिटर, आणि यात काटकसर नको. त्यातलं एक लिटर साखर-मिठाचं: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. प्लास्टिकच्या पातळ बाटल्या हातात घेतल्या की कडकड वाजतात, म्हणून स्टीलची किंवा जाड बाटली, वर ओलं फडकं गुंडाळलेली. जेवणाला दशम्या, पुऱ्या, गूळ, सोललेले शेंगदाणे, खजूर. भरीत, लसणाची चटणी, शेवभाजी, कांदा हे सगळं घरी आल्यावर. अस्वलाचं नाक भलतंच तिखट असतं, त्याला आमंत्रण कशाला? वेफर आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं घरीच फोडून खाऊ कापडी पिशवीत भरावा. त्या पाकिटाची चुरचुर पन्नास मीटरवर चौसिंग्याला सहज ऐकू जाते.

कपडे मळखाऊ खाकी किंवा सुकलेल्या पाल्याच्या रंगाचे, सुती, पूर्ण बाह्यांचे. पांढरा सदरा चांदण्यात लखलखतो. नायलॉनचं जाकीट सळसळतं, चिकटपट्टीच्या कप्प्यांची बॅग उघडताना फर्र वाजते, दोन्ही टाळावं. डासांसाठी उदबत्ती किंवा कॉइल चालत नाही. पायमोजे, बाह्या आणि तोंडावरून पातळ उपरणं एवढ्यावर भागवावं. अत्तर, सुवासिक तेल, तंबाखू हे सगळं त्या दिवसापुरतं बंद. याला आणखी एक कारण आहे: पाण्याजवळच्या उंच झाडांवर आग्यामोहळ असतं आणि दुपारी त्याच्या माश्या पाणी प्यायला येतात. उग्र वास आणि धूर यांनी त्या बिथरतात. अंगावर बसली तर झटकायची नाही, स्थिर राहायचं.

दुर्बिणीबाबत दुकानदार मोठ्या आकड्याची भलावण करतात. रात्रीच्या कामाला मोठं दाखवण्यापेक्षा उजेड किती आत येतो ते महत्त्वाचं. दुर्बिणीवरच्या दोन आकड्यांत पहिला विशालन (किती पट मोठं दिसतं), दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास. व्यास भागिले विशालन, हे उत्तर पाचच्या पुढे हवं. ८×४२ ला ते सव्वापाच येतं, ७×५० ला सातच्या वर, आणि खिशातल्या ८×२५ ला जेमतेम तीन, म्हणजे चांदण्यात ती निकामी. १०×५० ला पाच येतं, पण ती जड पडते आणि हात हलतो. एकच घ्यायची तर ८×४२ घ्या. दुर्बीण नसेल तरी अडत नाही, जोडीदारापैकी एकाकडे असली की पुरे. टॉर्च लागतो तो फक्त कागदावर उजेड पाडायला: लहान, लाल जिलेटिनचा कागद दोन पदरी लावलेला, तोंड खाली. प्राण्याच्या डोळ्यांवर झोत मारायचा नाही. मोबाइल विमान मोडवर, पडदा पूर्ण मंद, खिशात. गळ्यात घड्याळ ठेवा, म्हणजे वेळ बघायला मोबाइल काढावा लागत नाही.

खरं काम कागदावरचं. नोंदपत्रावर साधारण हे रकाने असतात: पाणवठ्याचं नाव, बीट (एका वनरक्षकाच्या ताब्यातलं क्षेत्र), कक्ष क्रमांक (जंगलाच्या आखलेल्या तुकड्याचा नंबर), वेळ, प्रजाती, नर, मादी, पिल्लू, एकूण, शेरा. छापील कागदावर “कुठून आलं” आणि “कुठे गेलं” हे दोन रकाने नसतील तर पेन्सिलीने आखून घ्या. दुबार मोजणी टाळण्याचा दुसरा उपाय नाही. पेन्सिलच न्या, घामाने ओल्या झालेल्या कागदावर पेनची शाई पसरते. एक चांगली नोंद अशी दिसते: “१०.४०, सांबर, मादी १, पिल्लू १, ईशान्येच्या वाटेने, १२ मिनिटं पाण्यावर, त्याच वाटेने परत. मादीचा डावा कान फाटलेला.” पुढे पहाटे तीन वाजता त्याच वाटेने मादी-पिल्लू आलं आणि कान फाटलेला दिसला, तर ती नोंद करायची पण शेऱ्यात “पुनर्नोंद, १०.४० चीच” लिहायचं, बेरजेत धरायचं नाही. खूण काहीच दिसली नाही तर “पुनर्नोंद असू शकते” लिहायचं. बेरीज करणाऱ्याला मग ठरवता येतं. कळप आला तर आधी एकूण आकडा, मग पिल्लं, शेवटी नर-मादी. उलट क्रमाने गेलात तर मोजून होईपर्यंत निम्मा कळप झाडीत शिरलेला असतो.

ओळख पटली नाही तर “अनोळखी” लिहिण्यात कमीपणा मानू नका. आकार, उंची, चाल, शेपूट एवढं लिहिलं तरी जाणकाराला अंदाज बांधता येतो. मोठी चूक होते ती घाईघाईने “बिबट्या” लिहिण्याने. शून्याचीही नोंद हवी. “१२ ते २, दोघेही जागे, दृश्यमानता चांगली, कोणी आलं नाही” ही पूर्ण आणि उपयोगी नोंद आहे. ढग आले, चंद्र झाकला गेला, वारा पडला, गावाकडून डीजेचा आवाज आला, हेही वेळेसह लिहा. दोघांपैकी एकाची नजर पाण्यावर, एकाचा हात कागदावर, आणि दर दोन तासांनी अदलाबदल. झोप येणार हे धरूनच चला. पाळी लावून एकाने तासभर पडलेलं बरं, दोघे एकदम डुलक्या काढण्यापेक्षा.

चांदण्यात रंग दिसत नाहीत, हे लक्षात ठेवून ओळखीच्या खुणा शिकून जाव्यात. तडसाचे पट्टे रात्री दिसत नाहीत, पण खांद्याशी उंच आणि मागे उतरती पाठ लपत नाही. कोल्हा लहान, झुपकेदार शेपटीचा, तुरुतुरु चालणारा. लांडगा उंच पायांचा, सरळ पाठीचा. नीलगायीची मादी आणि सांबराची मादी यांत नवखे हमखास गोंधळतात. नीलगायीचा खांदा उंच आणि मागचा भाग उतरता असतो, खुरांच्या वर पांढरे पट्टे असतात. सांबराचे कान मोठे, गोलसर आणि शेपटी केसाळ, गडद. चौसिंगा, भेकर आणि चिंकारा या तीन लहान जातींत चिंकाऱ्याची काळसर शेपूट सतत हलत असते आणि मादीलाही बारीक शिंगं असतात. चौसिंग्याच्या मादीला शिंगंच नसतात, पुढच्या पायांवर समोरून गडद रेघ असते, आणि तो बऱ्याचदा दिवसाउजेडी, एकटा किंवा जोडीने येतो. भेकराच्या तोंडावर शिंगांच्या मुळाशी व्हीच्या आकाराच्या गडद रेघा आणि पळताना उभारलेल्या शेपटीची पांढरी खालची बाजू. रानमांजराला बिबट्याचं पिल्लू समजणं ही जुनीच चूक आहे. शेपूट बघा: रानमांजराची आखूड, टोकाशी वेढे असलेली. बिबट्याची लांब, जवळजवळ जमिनीला टेकणारी. बिबट्या पाणी पिताना पुढचे पाय दुमडून अंग जमिनीसरसं करतो, त्यामुळे पाण्यावर असताना तो आहे त्याहून लहान वाटतो. अस्वल मात्र दिसण्याआधीच ऐकू येतं, सुर्रसुर्र आवाज करत पाणी ओढतं.

पहाटे आणि संध्याकाळी मान वर करून निष्पर्ण झाडांचे शेंडेही तपासा. सातपुड्याचं खास वैभव म्हणजे रान पिंगळा. १८८४ नंतर या घुबडाचा खात्रीशीर नमुना मिळाला नव्हता, १९९७ मध्ये शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि बेन किंग या पक्षीअभ्यासकांनी तो पुन्हा शोधला. यावलच्या जंगलातही तो आहे. तो दिवसाही शिकार करतो आणि उघड्या फांदीवर बसतो, म्हणून दिसण्याची शक्यता बरी असते. गावातल्या ठिपकेवाल्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठळक ठिपके असतात. रान पिंगळ्याचं डोकं जवळपास ठिपक्यांवाचून, शेपटीवर रुंद पांढरे पट्टे आणि पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. दिसला तर झाड, वेळ, कक्ष क्रमांक नोंदपत्रावर लिहा आणि वनरक्षकाला सांगा. समाजमाध्यमांवर जागा टाकू नका आणि त्याला जवळ आणायला मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. विणीच्या जोडीला त्याचा फार त्रास होतो.

धोक्यांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. सगळ्यात मोठा धोका ऊन, त्याच्या खालोखाल अस्वल. मे महिन्यात तेंदूची फळं पिकलेली असतात आणि पहाटे अस्वल झाडांखाली असतं. माणसाशी अचानक समोरासमोर गाठ पडली की ते पळत नाही, अंगावर येतं. म्हणून उजाडल्यावरही गाडी किंवा वनरक्षक येईपर्यंत मचाणावरून उतरायचं नाही, “आता काय, सकाळ झाली” म्हणून पायी निघायचं नाही. लघवीसाठी रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची बाटली सोबत हवी. अंधारात त्यासाठी खाली उतरणं हा मूर्खपणा आहे. महिला स्वयंसेवकांना महिला जोडीदार आणि मचाणाला निदान एका बाजूने पडदा मिळाला पाहिजे, आणि तो नोंदणीच्या वेळीच मागून घ्यावा. साप चावला तर चिरणं, चोखणं, करकचून बांधणं काहीही करायचं नाही. चावलेला अवयव हलवू न देता, वेळ लिहून, सर्पविषावरचं औषध (अँटी-व्हेनम) असलेल्या रुग्णालयात न्यायचं. डोंगरात मोबाइलला रेंज बहुतेक ठिकाणी नसते, त्यामुळे निरोप वनरक्षकाच्या वायरलेसवरून किंवा जवळच्या संरक्षण कुटीवरून जाईल. ती कुटी कुठे आहे, हे संध्याकाळीच विचारून ठेवा. परत आल्यावर अंगावरच्या गोचिडी तपासा, विशेषतः पोटऱ्या आणि कंबर.

सोबत येणारा वनरक्षक किंवा वनमजूर हा या सगळ्या अनुभवाचा कणा. बहुतेक वनमजूर पावरा किंवा तडवी आदिवासी, याच डोंगरातले. कुठल्या झिऱ्यावर अस्वलाची मादी येते, कुठल्या वाटेने सांबर उतरतं हे त्यांना पाठ असतं. त्यांना सामान वाहायला लावणारे स्वयंसेवक बघितले की चीड येते. दादा म्हणून, बरोबरीने बसून, दोन दशम्या पुढे करून विचारलं तर ते भरभरून सांगतात.

व्यवस्थेच्या उणिवा खानदेशात आणि बाहेरही जवळपास सारख्याच. पूर्वसूचनेचं सत्र अर्ध्या तासात आटोपतं, त्यात स्वागत-सत्कार जास्त आणि प्राण्यांची ओळख कमी. किमान दोन तास, ठशांच्या साच्यांसह आणि सरावाच्या नोंदपत्रासह सत्र हवं. दुसरी उणीव, सकाळी कागद जमा करताना कुणी ते समोर वाचत नाही. एखादी नोंद अर्धवट असेल तर विचारायची वेळ तीच असते. तिसरी उणीव मोठी आहे: स्वयंसेवकाला निकाल कळवण्याची रीत नाही. वर्तमानपत्रात “प्राणी वाढले” किंवा “घटले” असा मथळा येतो, पण यंदा किती मचाणं होती, ढग होते का, अवकाळी पाऊस होऊन नाल्यात पाणी साचलं होतं का, हे त्यात नसतं. गणनेच्या आठवड्यात एक वळवाची सर पडली की जागोजागी पाणी होतं, प्राणी पांगतात आणि आकडा कोसळतो. त्याला घट म्हणणं चुकीचं आहे. कागद देण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा आणि पुढच्या वर्षी तोच पाणवठा मागा.

शेजारच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य, ८२.९४ चौरस किलोमीटर, १९८६ चं. मोठं जलाशय असल्यामुळे पाणवठ्याच्या गणनेला ते फारसं अनुकूल नाही. चाळीसगावजवळचं पाटणादेवी गौताळा औट्रमघाट अभयारण्यात येतं. जंगल देखणं, पण देवीच्या भाविकांची वर्दळ असते, म्हणून मंदिरापासून दूरचंच मचाण घ्यावं. रात्र जागवणं किंवा ऊन सोसणं जमणार नसेल त्यांनी जानेवारीत हतनूर धरणावर पाणपक्ष्यांच्या मोजणीला जावं. तापी-पूर्णेच्या संगमाजवळचं हे पाणी चक्रवाक, थापट्या, तलवार बदक यांनी भरलेलं असतं. सूर्य पाठीशी ठेवून, आधी दहा पक्ष्यांचा गठ्ठा नजरेत बसवून मग तो थव्यावर फिरवत मोजायचं. नवशिक्यांसाठी हे काम पाणवठ्यापेक्षा सोपं आणि चुका दुरुस्त करायला सवड देणारं.

आणि ज्यांना जंगलाला खरोखर हातभार लावायचा आहे, त्यांनी फेब्रुवारीतच वनरक्षकाला गाठावं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा काळ धरतात, आणि त्याआधी जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, साफ करून घ्यायच्या असतात. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला नवी पालवी फुटावी म्हणूनही आग लावतात, आणि वाऱ्यावर ती डोंगर चढते. स्वयंसेवकांनी आग विझवायला धावायचं नाही, ते प्रशिक्षित माणसांचं काम. मोहाच्या झाडाखालचा पाला खराट्याने झाडून पाच-सहा मीटरचं रिंगण मोकळं करून देणं, जाळरेषेवरचा पाला ओढणं, गावात बसून मोह वेचणाऱ्या बायाबापड्यांशी बोलणं, एवढं चार-पाच जणांच्या गटाला एका सकाळी जमतं. जाताना जाड तळाचे बूट, हातमोजे, खराटे स्वतःचे न्यावेत. शेताच्या कडेने फिरताना क्लचच्या तारेचा फास दिसला तर तो तोडायचा नाही, जागेवर खूण करून वनरक्षकाला बोलवायचं. पंचनामा झाल्याशिवाय फास काढला तर गुन्ह्याचा पुरावाच जातो.